आज पाणी किती?

मैत्रिणींनो, ‘पाणी बघून ये जरा’ असं कुणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या डोळ्यांपुढे आधी नळ येतो. मग गच्चीवरची टाकी, मग कुकरमधला भात. भाताचं पाणी आपण काही मापून घालत नाही. बोट बुडवायचं आणि पहिल्या पेराशी पाणी आलं की झालं. आपल्या आयांनी तसंच शिकवलं, आपणही लेकींना तसंच शिकवतो. म्हणजे पाण्याची पातळी बघणं हे बाईला काही नवं नाही. पण हेच बोट नदीत बुडवायची वेळ आली तेव्हा मी, भूगोल शिकवणारी बाई, पार चुकले. ती चूक आज तुम्हांला सांगायची आहे. लाज वाटते, पण सांगते. कारण हल्ली तुमच्याआमच्या घरातली मुलं सुट्टीत ‘कयाकिंगला जातो’ म्हणून निघतात आणि आपण डब्यात काय द्यायचं एवढंच बघतो.

माझं माहेर आटपाडीकडचं. दुष्काळी मुलूख. लहानपणी आमच्याकडे पाणी यायचं ते टँकरनं, आणि टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणं हाच आमचा पोहण्याचा तास. नदी म्हणून जिला म्हणावं ती मी पाहिली लग्न होऊन सांगलीला आल्यावर. आमचं घर गावभागात, सरकारी घाटापासून चालत पाच मिनिटांवर. पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी चहाचं आधण ठेवलं की सासूबाई देवघरातूनच हाक मारायच्या, “अहो, आज आयर्विनला किती?” आणि मामंजी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगायचे, “बावीस.” किंवा “सव्वीस.” मला आधी वाटलं, भाजीचा भावच विचारताहेत!

सांगलीबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा जुना पूल, १९२९ साली खुला झालेला. त्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते मोजतात. ४० फूट झालं की इशारा पातळी, ४५ झालं की धोका पातळी. सांगलीतल्या माणसाला आपल्या मुलाचा जन्मदिवस एकवेळ आठवणार नाही, पण हे दोन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. सासूबाईंनी तर त्याचा घरचा कायदाच करून टाकला होता. “चाळीस म्हणजे सामान माळ्यावर. पंचेचाळीस म्हणजे आपण बाहेर. यात कुणाची परवानगी विचारायची नाही.”

खरं सांगू? मला त्याचं हसू यायचं. माहेरी फोनवर मी आईला सांगायची, “अगं, आमच्या सासूबाई नदीचा ताप मोजतात रोज.”

ऑगस्ट २०१९ मध्ये माझं हसू बंद झालं. तेव्हा मामंजी नव्हते. पाऊस लागून राहिला होता, कोयनेतून विसर्ग वाढत होता. शेजारच्या वाड्यातले काका ओट्यावर खुर्ची टाकून सांगत होते, “२००५ च्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला आलं होतं, वर नाही आलं. यंदाही तिथंच थांबणार.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. चाळीसला त्यांनी मला आणि ह्यांना धान्याचे डबे, मुलीची पुस्तकं, शिलाई मशीन माळ्यावर चढवायला लावलं. पंचेचाळीसला रिक्षा बोलावली. ह्यांनी म्हणून बघितलं, “आई, अजून रस्त्यावर पाणीसुद्धा नाही.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच रिक्षा मिळतेय.”

त्या वेळी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण कुठल्या कुठे बुडाली. काकांना दोन दिवसांनी बोटीतून बाहेर काढलं. सुखरूप निघाले, देवाची कृपा. त्याच दिवसांत पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं आणणारी बोट उलटली आणि माणसं गेली. ती बातमी ऐकली त्या रात्री ह्यांनी आमच्या लेकीला जवळ घेतलं आणि मला म्हणाले, “हिला कधी होडीत बसवायचं नाही.” मीही मान हलवली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

माझी नणंद रोह्याला असते. २०२२ च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत मी आणि लेक आठवडाभर तिच्याकडे गेलो. हे आणि सासूबाई सांगलीतच होते. रोह्याजवळ कोलाड आहे, तिथून कुंडलिका नदी वाहते. सह्याद्रीतून उतरते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथलं राफ्टिंग प्रसिद्ध आहे, मुंबई-पुण्याची मंडळी गाड्या भरभरून येतात. माझा भाचा इंजिनिअरिंगला. त्याच्या मित्राकडे प्लॅस्टिकचा एक कयाक होता. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, हलकी होडी. त्याच्यात बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मारायचं.

“मामी, चला ना! नदी काय, तळ्यासारखी आहे. रविवारी मी तीन तास होतो, हाललीसुद्धा नाही,” तो म्हणाला. लेक तर माझ्या पदराला लोंबकळायचीच बाकी होती. मी क्षणभर ह्यांचं बोलणं आठवलं. मग आकाशाकडे बघितलं. डिसेंबरचं निळंशार आभाळ, ढगाचा ठिपका नाही. मी मनाशी म्हटलं, पूर पावसाळ्यात येतो. आता कसला आलाय पूर?

बघा, इथंच चुकलं. मी आभाळाला विचारलं. नदीला विचारलंच नाही.

सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही पोचलो. खरोखरच तळ्यासारखं हिरवं पाणी, मध्ये काळे कातळ वर आलेले, त्यावर बगळे. भाच्यानं आधी लेकीला, मग मला कयाकमधून नदीच्या मधल्या एका मोठ्या कातळावर नेलं. मैत्रिणींनो, त्या दोन-तीन मिनिटांत मला काय वाटलं ते सांगता येत नाही. सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मी पाण्यावर होते! हाताशी पाणी, पायाखाली पाणी, आणि आवाज फक्त वल्ह्याचा. टँकरमागे घागर घेऊन पळणारी मी ती हीच का, असं वाटलं.

लाइफ जॅकेटं दोनच होती, माणसं तिघं. कातळावर पोचल्यावर लेकीनं तिचं काढून उशाला घेतलं. मी काही म्हटलं नाही. चपला एका खळग्याशी काढल्या, डबा उघडला. थालीपीठ आणि लोणी. पलीकडच्या काठावर एक आजी कपडे धूत होत्या. त्या काठाच्या आणि आमच्या मध्ये घोटाभर पाणी खळखळत होतं, पोरंसुद्धा चालत येतील असं.

थोड्या वेळानं त्या आजींनी कपडे धुणं थांबवलं. अर्धवट धुतलेले तसेच गोळा करून बोचकं बांधायला लागल्या. मी बघत होते आणि मला नवलही वाटत होतं, पिळले कसे नाहीत म्हणून. मग त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवला. मीही हात हलवला! तेव्हा त्या ओरडल्या, “अवो बाय, पानी सुटलाय! वर या, वर या!”

मला कळेचना. पाणी सुटलं म्हणजे? तेवढ्यात माझी एक चप्पल खळग्यात तरंगताना दिसली. मघाशी तो खळगा कोरडा होता. मी चप्पल धरायला वाकले आणि बघितलं, तर कातळाच्या कडेनं पाणी चढत होतं. लाट नाही, आवाज नाही, दूध उतू जायच्या आधी कसं गुपचूप वर येतं तसं. मग कयाक सरकला. “आई, होडी चालली!” म्हणून लेक धावली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. गुडघाभरच! पण त्या पाण्याला ओढ होती. तिचा पाय निसटलेला मी पाहिला. भाच्यानं उडी टाकून तिचा दंड पकडला म्हणून ती आज माझ्याजवळ आहे. कयाक फिरत फिरत खाली निघून गेला.

घोटाभर पाण्याची ती वाट एव्हाना मांड्यांपर्यंत आली होती. आजींनी बोचक्यातलं ओलं लुगडं उलगडलं, शेतातून धावत आलेल्या एका गड्यानं त्याचं टोक धरलं आणि दुसरं आमच्याकडे फेकलं. दुसऱ्यांदा फेकलं तेव्हा हाताला लागलं. लेकीला मध्ये घेऊन, लुगडं मुठीत आवळून आम्ही तिघं आलो. काठावर पोचलो तेव्हा पाणी माझ्या कमरेला होतं. वळून बघितलं तर मघाशी आम्ही जेवायला बसलो होतो तो कातळ नव्हताच. सगळं मिळून पाव तास झाला असेल. आभाळ तसंच निळं.

लेक थरथरत होती. मला रडू आलं नाही, शब्दच फुटेना. आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला एवढंच म्हणाल्या, “इचाराचा ना आधी कुनाला तरी.”

हे पाणी आलं कुठून, ते मला त्या दुपारी राफ्टवाल्या मुलांनी समजावलं. कयाकही त्यांनीच खाली झुडपात अडकलेला आणून दिला. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. त्याचं पाणी खरं तर पूर्वेला, भीमेकडे जाणारं. पण १९२७ पासून ते नळांतून घाटाखाली भिऱ्याला उतरवतात आणि त्यावर वीज करतात. वीज करून झालेलं पाणी खाली कुंडलिकेत सोडतात. म्हणून तर भर उन्हाळ्यातसुद्धा तिथं राफ्टिंग चालतं. म्हणजे बघा, ती नदी नुसत्या पावसावर फुगत नाही, पाणी सोडण्याच्या वेळेवरही फुगते. विजेची गरज रोज सारखी नसते, तशी पाण्याची वेळही रोज सारखी नसते. माझ्या भाच्यानं रविवारी बघितलेली नदी रविवारची होती. आम्ही गेलो त्या वारी ती निराळी होती.

“आम्ही रोज विचारतो, काकू. उद्या पाणी किती वाजता, किती. त्याच्यावरच तर आमचं पोट,” एक मुलगा म्हणाला. मी विचारलं, “आम्हांला सांगितलं असतंत?” तर हसून म्हणाला, “विचारलं असतं तर का नाही?” फुकट मिळणारी माहिती होती. मी विचारली नाही.

घरी आल्यावर काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. वन्सं भाच्यावर बरसल्या, तो बिचारा खाली मान घालून बसला. फोनवर हे एक शब्द बोलले नाहीत. आणि आमच्या ह्यांचं न बोलणं म्हणजे काय ते मलाच माहीत. सांगलीला आल्यावर एवढंच म्हणाले, “आता या घरात नदीचं नाव काढायचं नाही.” माझीही तीच इच्छा होती. लेक तर घाटाकडचा रस्तासुद्धा टाळायला लागली. शाळेला लांबून जायची. रात्री दचकून उठायची.

मीही सुटले म्हणायला हरकत नव्हती. नदी नको, होडी नको, काळजी नको. पण एक गोष्ट मला खात राहिली. आमचं घर नदीपासून पाच मिनिटांवर. नदीचं नाव काढलं नाही म्हणून नदी थोडीच लांब जाणार आहे? आणि मी त्या कातळावर निवांत बसले ते धाडस म्हणून नव्हे. मला पाणी कळतच नव्हतं म्हणून बसले. लेकीला नदीपासून लांब ठेवलं तर तीही माझ्यासारखीच होणार. पुढे कुठं तरी, कुणाबरोबर तरी, निळ्या आभाळाखाली तशीच बसणार.

शेवटी एके रात्री सासूबाईंचे पाय चेपताना मी त्यांना सगळं सांगितलं. लाइफ जॅकेटाचंही सांगितलं, जे ह्यांना सांगितलं नव्हतं. म्हटलं, “आई, तुम्ही रोज आकडा विचारता, मी रोज ऐकते. आणि तरी मला तिथं विचारायचं सुचलं नाही.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, आकडा काय करायचाय? मी विचारते ते काल होता त्याहून हललाय का, आणि कुणीकडे हललाय, एवढ्यासाठी. तीस फूट असून उतरत असेल तर मी निवांत झोपते. वीसच असेल पण रात्रीत सहा फूट चढला असेल तर मला झोप नाही. नदी किती आहे याच्यापेक्षा ती निघालीय कुणीकडे ते बघावं.”

पंधरा वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात वावरत होते आणि हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरात एक वही केली. आजी, आई आणि नात, तिघींची. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे मोबाईलवर रोज पातळ्यांची यादी येते. तीच यादी मी इतकी वर्षं न वाचता पुसत होते! तिच्यात पुलांची नावं वरून खाली, नदीच्याच क्रमानं असतात. कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी, भिलवडी, मग आमचा आयर्विन, पुढे अंकली, म्हैसाळ. लेकीनं त्यांचे रकाने आखले. चारच दिवसांत तिला कळलं की भिलवडीला पाणी चढलं की मागोमाग ते आपल्याकडे येणार. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि मग इतकं लांबून येतं, त्यामुळे आम्हांला दिवसाच्या हिशोबानं सवड मिळते. कुंडलिकेकाठी ती मिळत नाही, तिथं मिनिटं असतात. आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, त्याला फुग येते. हे सगळं मी वर्गात नकाशावर शिकवत आले होते. वहीत लिहायला लागल्यावर मला समजलं.

त्यात रोज एक शब्द यायचा, क्युसेक. तुम्हीही बातम्यांत ऐकता. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, साधारण २८ लिटर. आपली मोठी बादली २० लिटरची धरली तर दर सेकंदाला जवळजवळ दीड बादली. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक पाणी सोडलं, ही बातमी आपण ‘फारसं नाही’ म्हणून सोडून देतो. ते होतं सेकंदाला सुमारे ५९ हजार लिटर. माझ्या माहेरी येणारा टँकर १० हजार लिटरचा धरा. असे जवळजवळ सहा टँकर, दर सेकंदाला! हे गणित मी मांडलं तेव्हा लेक म्हणाली, “आई, मग तिथं आपण किती टँकरांपुढे बसलो होतो?” आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पण ती त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिनंच विषय काढला. ह्यांना राजी करायला तीन आठवडे लागले. मी फार वाद घातला नाही, वही पुढे ठेवली. उन्हाळ्यातसुद्धा कृष्णेत कोयनेचं पाणी येतं, ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजनांसाठी. टेंभूचं पाणी तर माझ्या माहेराकडे जातं. म्हणून मे महिन्यातही विचारूनच जायचं, हे तिनं त्यांना समजावलं. शेवटी हे स्वतः घाटावर येऊन पायरीवर बसले, हातात आमची दोरी घेऊन. लेक आणि मी, दोघी जॅकेट घालून, शिकवणाऱ्याबरोबर कयाकमध्ये बसलो. संथ पाणी, बंधाऱ्यापासून बरंच वर. समोरच्या घरातल्या वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “या वयात हे काय?” मी म्हटलं, “या वयातच. आधी पाणी नव्हतं.”

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरचं कुणी कयाक घेऊन किंवा नुसतं नदीवर डबा घेऊन निघालं, तर डब्याबरोबर या चार गोष्टी बांधून द्या. पाककृतीसारख्याच सांगते.

पहिली, नदीच्या वर काय आहे ते विचारा. धरण आहे का, वीजघर आहे का, आज पाणी सुटणार आहे का, किती वाजता. काठावरच्या गावात विचारा, तिथं होड्या चालवणाऱ्यांना विचारा. ‘परवा आलो होतो तेव्हा ठीक होतं’ हे उत्तर धरू नका.

दुसरी, आकडा मिळाला तर तो त्याच जागेच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघा. प्रत्येक पुलाचं माप त्याचं त्याचं. आमच्या आयर्विनला ४० फुटांवर इशारा, तर कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर. एकाचा फूट दुसऱ्याला लावायचा नाही. पाणी फार कमी असणंही चांगलं नव्हे, दगड वर येतात आणि होडी अडकून कलंडते.

तिसरी, पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा किंवा दगड ठेवा. दहा मिनिटं थांबा. डबा उघडायच्या आधी काडी बघा, मग दर थोड्या वेळानं बघा. काडी बुडत असेल, पाणी गढूळ झालं असेल, पानं-काटक्या-फेस वाहत येऊ लागला असेल, तर सामान तिथंच टाका आणि वर चढा. नदीच्या मधल्या कातळावर जेवायला बसू नका, ही माझी हात जोडून विनंती.

चौथी, जितकी माणसं तितकी जॅकेटं, आणि काठावर चढेपर्यंत ती अंगावर. बंधाऱ्याच्या जवळ होडी नेऊ नका. वरून बंधारा दिसतो गुळगुळीत, पण त्याच्या पायथ्याशी पाणी गोल फिरून मागे ओढतं आणि माणसाला सोडत नाही. होडी गेली तर जाऊ द्या. तिच्यामागे धावायचं नाही. होडी दुसरी मिळते.

आणि काठावर कपडे धुणाऱ्या बाईनं बोचकं बांधायला घेतलं, तर कारण विचारत बसू नका. आधी उठा.

त्या आजींकडे आम्ही पुढच्या नाताळात गेलो होतो. नवं लुगडं नेलं. त्यांनी ते घेतलं, घडी मोडून बघितली आणि म्हणाल्या, “जुनाच बरा होता, दोरीसारखा.” आम्ही सगळे हसलो. येताना लेकीनं त्यांना विचारलं, “आजी, आज पाणी किती वाजता सुटणार?” त्यांनी सूर्याकडे बघून वेळ सांगितली. मग लेकीनं राफ्टवाल्यांनाही विचारून घेतलं. त्यांनी सांगितलेली वेळ थोडी निराळी निघाली. तिनं दोन्हींतली आधीची धरली.

आता सासूबाईंना नीट ऐकू येत नाही. पण पावसाळा लागला की सकाळी चहाचं आधण ठेवताना अजून हाक येते. नात वही घेऊन त्यांच्या कानाशी जाते आणि मोठ्यानं सांगते, “चोवीस, आजी. कालच्यापेक्षा एक फूट उतरलंय.” त्या मान डोलावतात आणि मग चहा घेतात.

तुमच्या गावालाही नदी असेलच. तिच्या पुलावर आकडे रंगवलेले असतील, रोज जाता-येता दिसत असतील. उद्या भाजी घेऊन येताना एकदा थांबा आणि पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघून या. परवा पुन्हा बघा.